चाळिसाव्या मिनिटाचा खोकला

'गेलेला क्षण परत येत नाही' हे वाक्य मी ड्रॉइंग पेपरवर तीन रंगांत लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवलं. या कामाला अडीच तास लागले. तेवढ्या वेळात माझा रूम पार्टनर श्रीपाल मगदूम यानं गणिताची साठ उदाहरणं सोडवली, आणि ती सोडवल्याबद्दल मी त्याला झापलं.

"आज इंग्रजीचा वार आहे," मी म्हणालो.

"थोडीच केली लेका. हात शिवशिवत होते."

"साठ म्हणजे थोडी?"

"सोपी होती."

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनिअरिंग संपवून आम्ही दोघं सांगलीत विश्रामबागेत एक खोली घेऊन राहिलो होतो आणि डिसेंबरातल्या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होतो. पेपर दोन तासांचा, विभाग तीन. गणित, इंग्रजी आणि तक्ते-आलेख. कुठल्या विभागाला किती वेळ द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, पण पास मात्र तिन्हींत वेगवेगळं व्हायचं. एकात पहिला आलात आणि दुसऱ्यात गचकलात, की घरी.

ही परीक्षा माझ्यासारख्यांसाठीच काढलेली असावी. मी तिन्हींत सारखाच सुमार होतो. श्रीपाल गणितात असा होता की आमचे प्राध्यापक वर्गात उदाहरण अडलं की खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "मगदूम, जरा पुढे ये." इंग्रजीत मात्र तो 'युवर्स फेथफुली'च्या पुढे कधी गेला नव्हता.

आणि त्याला एकच संधी होती. जयसिंगपूरला त्याच्या वडिलांचं, अण्णांचं, पाईपचं दुकान होतं. अण्णा एकदा खोलीवर आले, खाटेच्या कडेवर बसले, भिंतीवरचं माझं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "एक वरीस दिलंय. एक परीक्षा. झाली तर तू म्हणशील तिकडं जा. न्हाई झाली तर पाडव्यापासनं दुकानात यायचं. मग कुरकुर न्हाई."

ते गेल्यावर श्रीपालनं खाटेवरची विसकटलेली चादर सरळ केली. मग म्हणाला, "उन्म्या, आठवीपासून दर सुट्टीत मी पाईप मोजतोय. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. लोकांच्या स्वप्नात पोरी येतात. माझ्या स्वप्नात पाईप वळवायचा एल्बो येतो."

"तुला बाहेर काढतो मी," मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो, हे इथं नोंदवून ठेवतो.

माझ्या अंगात एकच गुण होता, वेळापत्रक करण्याचा. श्रीपालचं वेळापत्रक मी केलं. सकाळी पाच ते आठ इंग्रजी, लाल. मग तक्ते, हिरवे. दुपारी पुन्हा इंग्रजी. गणिताला दिवसाला फक्त अर्धा तास, तोही निळ्या रंगात, कोपऱ्यात. जे येतं त्याला वेळ द्यायचा नाही, जे येत नाही त्याला द्यायचा, हे माझं तत्त्व. श्रीपाल जैन, दिवेलागणीच्या आत जेवणारा, म्हणून जेवण साडेपाचला. त्याच्याबरोबर मीही साडेपाचला जेवत असे. वेळापत्रकापुढे धर्म काय!

पण वेळापत्रक म्हटलं की ते मोडतं. गणपतीत मोडलं, मी नवं केलं. दसऱ्याला मोडलं, पुन्हा नवं. दिवाळीत तर फाटलंच. नवं वेळापत्रक म्हणजे पाटी कोरी. तीन हजार इंग्रजी शब्दांचं जाड पुस्तक होतं, ते आम्ही दर वेळी पुन्हा 'ए'पासून उघडायचो. अर्धवट कामावर नवं काम रचायचं नाही, हा आमच्या दोघांच्या घरचा संस्कार.

"'डी' आला की तू वेळापत्रक बदलतोस बघ," श्रीपाल एकदा म्हणाला.

"पाया पक्का होतोय," मी म्हणालो.

चोरून तो गणित करायचाच. त्या वयाची पोरं चोरून सिगारेट ओढत, तसा हा. मी गणिताची पुस्तकं ट्रंकेत घालून कुलूप लावलं तर त्यानं शब्दांच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं समीकरणं मांडली.

खरी पंचाईत दर रविवारच्या सराव पेपरात झाली. पहिल्या रविवारी श्रीपाल गणितात शिरला तो बाहेर आलाच नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरून हाका माराव्यात तसं मला वाटत होतं. पंच्याण्णव मिनिटांनी त्यानं मान वर केली. उरलेले दोन्ही विभाग कोरे.

"मला वाटलं, दहा मिनिटं झाली," तो म्हणाला. हातावर घड्याळ होतं. पण घड्याळ दिसायला ते बघावं लागतं.

मग मी वेळ सांगणारा झालो. आधी चाळिसाव्या मिनिटाला स्टीलच्या ताटलीवर चमचा हाणायचो. तो दचकून इंग्रजीकडे वळायचा. पण परीक्षेच्या हॉलमध्ये ताटली कशी नेणार? आम्ही फॉर्म एकाच खिडकीवरून लागोपाठ घेतले होते, त्यामुळे आसनक्रमांकही लागोपाठ. तो पुढे, मी मागे. मागच्या माणसाला करता येईल आणि कुणाला हरकत घेता येणार नाही अशी एकच गोष्ट होती.

"खोकायचं," श्रीपाल म्हणाला. "चाळीस मिनिटांनी एकदा. ऐंशीला दोनदा. खोकल्याला कोण काय म्हणतंय?"

असा आमचा सराव सुरू झाला. मी खोकायचो, तो पानं उलटायचा. महिन्याभरात त्याची मान माझ्या खोकल्यावर चालायला लागली. समीकरणाच्या मधल्या ओळीवर असला तरी पेन्सिल थांबायची आणि पान उलटायचं. हे इतकं अंगात मुरलं की एकदा सुशीलामावशींच्या खानावळीत शेजारच्या पाटावरचे एक पोस्टमन खोकले, आणि श्रीपालनं अर्धी भाकरी बाजूला सारून भात पुढे ओढला.

"अगं बाई, भाकरी तशीच टाकलास की रं!" मावशी ओरडल्या. "आमटीत काय पडलं का काय?"

"नाही मावशी. विभाग बदलला."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या पोराला काय केलास रं तू?"

सगळे हसले. मी जास्त हसलो.

सराव पेपरांत त्याचे तिन्ही विभाग भरायला लागले. गणितात चाळीस मिनिटांत सगळं व्हायचं आणि दोन मिनिटं उरायची. नोव्हेंबरात एका रविवारी त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

"हे ठेव तुझ्याकडं. असलं तर उगाच शंका येते, बघू का, बघू का. मला घड्याळ नको. तू आहेस."

मी ते ठेवून घेतलं.

परीक्षा पुण्यात होती, एका शाळेत. आदल्या दिवशी माझ्या मामांकडे उतरलो. सकाळी चालत जाताना श्रीपालनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"खोकला आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"कोरडा का ओला?"

"लागेल तसा."

"मग ही धर. खडीसाखर. सांगलीसनं आणलीय. गालात ठेव. तुझा घसा मधेच खवखवला तर माझा विभाग जाईल लेका."

वर्ग पाचवीचा असावा. बाकात गुडघे मावत नव्हते. समोर फळ्यावर कालचा सुविचार तसाच होता, त्याच्या वर गोल घड्याळ आणि घड्याळाखाली खुर्चीत पर्यवेक्षक बाई राखाडी स्वेटर विणत बसलेल्या. बरोबर साडेदहाला पेपर हातात पडले.

माझ्या समोर श्रीपालची पाठ होती. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी उजव्या खांद्यावर थोडी चुकलेली. डावा कान मला दिसत होता. गणित चाललेलं असलं की तो कान किंचित लाल व्हायचा.

पहिला विभाग गणित. मी नवव्या प्रश्नावर अडकलो. दोन नळ टाकी भरतात आणि एक नळ रिकामी करतो, तसलं काहीतरी. माझं उत्तर चार पर्यायांत नव्हतं. पुन्हा केलं. या वेळी वेगळं आलं आणि तेही पर्यायांत नव्हतं. समोर पान उलटल्याचा आवाज झाला. मी तिसऱ्यांदा केलं. समोर आणखी एक पान उलटलं. मी अजून पहिल्याच पानावर होतो. त्याचा कान लाल होता, आणि मागून बघतानासुद्धा कळत होतं की तो हसतोय.

माझ्या घशात काहीतरी खवखवलं. मी खोकलो.

श्रीपालची पेन्सिल थांबली. मान थोडी वर झाली, क्षणभर तशीच राहिली. मग खाली गेली, आणि त्यानं पेपराची पानं एका हातानं धरून उलटली, इंग्रजीपर्यंत.

"पाणी हवंय का रे?" बाईंनी सुया न थांबवता विचारलं.

"नको मॅडम."

मी मनगटावर पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

चाळिसावं मिनिट आलं आणि गेलं. तेव्हा खोकलो असतो तर तो तिसऱ्या विभागात गेला असता. म्हणून गप्प बसलो. परत गणितात जा, असं सांगणारा खोकला आम्ही ठरवलेला नव्हता. ऐंशीला ठरल्याप्रमाणे दोनदा खोकलो आणि तो ठरल्याप्रमाणे तक्त्यांकडे गेला.

बाहेर फाटकापाशी भेटलो तेव्हा तो म्हणाला, "गणिताची सतरा राहिली रे."

"अवघड होतं," मी म्हणालो.

"अवघड नव्हतं."

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

"खडीसाखर उरली का?" त्यानं विचारलं. मी पुडी दिली. त्यानं एक खडा तोंडात टाकला आणि बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो.

जानेवारीच्या शेवटी मला मुलाखतीचं पत्र आलं. तिन्ही विभागांत मी काठावरून थोडा वर होतो. असा माणूस संस्थांना फार आवडतो. श्रीपालचं पत्र जयसिंगपूरला गेलं. चार दिवसांनी तो वळकटी न्यायला खोलीवर आला.

"नाही झालं," तो म्हणाला.

कशात, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. त्यानं गादी गुंडाळली, ट्रंक उचलली, दारात थांबून भिंतीकडे पाहिलं. "तेवढं राहू दे भिंतीवर. चांगलं काढलंयस." त्याचं घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात होतं. ते द्यायचं माझ्या लक्षात होतं. दिलं नाही.

पाडव्यापासून तो दुकानात बसला.

माझं पुढे चांगलं झालं. एमबीए, दोन कंपन्या, मग स्वतःचा व्यवसाय. गेली बारा वर्षं मी नोकरदार लोकांना वेळेचं नियोजन शिकवतो. एकेक दिवसाची कार्यशाळा, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. लोक म्हणतात, तुमच्यामुळे आयुष्य बदललं. मी म्हणतो, हो, होतं तसं.

फक्त एक गोष्ट मला जमत नाही. चारचौघांत खोकणं. आला तर गिळतो, डोळ्यांत पाणी येतं, उठून बाहेर जातो. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाबाहेर जनरेटरच्या मागे जाऊन खोकून आलो. घशाच्या दोन डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा उत्तम आहे म्हणाले. आणि दुसरं कुणी खोकलं, सभेत, नाटकाला, स्मशानात, की समोर दोन हातांवर एक पांढरी पाठ दिसते, मान थोडी वर होते आणि पान उलटतं. मग साथीची ती दोन वर्षं आली. सगळा देश खोकत होता. इतर लोक विषाणूला घाबरत होते.

यंदा माझी मुलगी तशाच एका प्रवेशपरीक्षेला बसली. आता पेपर संगणकावर असतो. चाळीस मिनिटं झाली की विभाग आपोआप बंद होतो आणि पुढचा उघडतो. मागे जाता येत नाही, पुढे पळता येत नाही. "कुणी मागून काही करू शकत नाही ना?" मी तिला विचारलं. "मागून कोण काय करणार, बाबा?" ती म्हणाली.

त्या रविवारी मी खणातलं घड्याळ घेतलं आणि जयसिंगपूरला गेलो.

दुकान मोठं झालं होतं. भिंतीवर अण्णांचा हार घातलेला फोटो. श्रीपालला टक्कल पडलं होतं, चष्मा दोरीनं गळ्यात. मला बघून तो काउंटरमागून उठून आला.

"उन्म्या! आलास व्हय लेका! कळवायचं तरी. बस की. एऽ, चहा सांग दोन."

घरच्यांची विचारपूस झाली. एका बिल्डरची मोठी ऑर्डर होती, ती फाईल समोर उघडून तो माझ्याशी बोलता बोलता पेन्सिलीनं खुणा करत होता. एवढ्यात मागच्या गोदामात कुणीतरी खोकलं.

श्रीपालची पेन्सिल थांबली. त्यानं ती फाईल अर्ध्यावर मिटली, बाजूला सारली आणि दुसरी पुढे ओढली.

मी बघत होतो. मी बघतोय हे त्यानं पाहिलं.

"जात नाही बघ," तो ओशाळून म्हणाला. "आमची मंडळी तर हसतात. पाहुण्यात कोण खोकलं की मी ताट बदलतोय."

मी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

"श्रीपाल, त्या दिवशी मी अठ्ठाविसाव्या मिनिटाला खोकलो."

त्यानं पेन्सिल फाईलवर आडवी ठेवली.

"आणि घसा खवखवला नव्हता. गालात खडीसाखर होती. तू पानं उलटत होतास, माझं एक उदाहरण सुटत नव्हतं. तुझं वाटोळं व्हावं असं मनात नव्हतं. तू जरा थांबावंस, एवढंच वाटलं. मी मुद्दाम खोकलो."

चहा आला. पोऱ्या कप ठेवून गेला. श्रीपालनं घड्याळ उचलून कानाला लावलं, पुन्हा ठेवलं.

"अठ्ठावीस झालीत हे मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"फळ्याच्या वर घड्याळ नव्हतं का? तू खोकलास, मी म्हटलं, आज लवकर कसा? वर बघितलं."

"मग उलटलंस कशाला पान?"

"मला वाटलं, तू पुढचं इंग्रजी चाळून बघितलं असशील. अवघड दिसलं असेल, म्हणून जास्त वेळ द्यायचं ठरवलं असशील. वेळेचं सगळं तूच बघायचास की." त्यानं चहा बशीत ओतला. "मी म्हटलं, उन्म्या खोकलाय म्हणजे कायतरी विचार करूनच खोकला असणार."

सत्तावीस वर्षं मी त्याच्या शिव्यांची तयारी करत होतो. याची केली नव्हती.

"मला मार तरी," मी म्हणालो.

"मारायचं काय त्यात? थांब."

तो वर घरात गेला. खाली आला तेव्हा हातात प्लास्टिकची जुनी फाईल होती. दहावीचं, बारावीचं, इंजिनिअरिंगचं, सगळं लावलेलं. शेवटी एक पिवळा पडलेला कागद. त्यानं चष्मा लावला, कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून एकेक ओळ दाखवली.

गणित, सत्त्याण्णव पर्सेंटाईल. पास.

तक्ते-आलेख, पंच्याण्णव. पास.

इंग्रजी, एकतीस. नापास.

"अठ्ठावीस मिनिटांत तेवढं गणित बास होतं," श्रीपाल म्हणाला. "तुझ्या खोकल्यानं इंग्रजीला बारा मिनिटं जास्तच मिळाली. बावन्न मिनिटं नुसता बसून होतो मी. एक शब्द ओळखीचा असेल तर शपथ. सगळे 'डी'च्या पुढचे आले होते."

मी कागद पुन्हा वाचला. त्या वर्षी आम्ही चार वेळापत्रकं केली होती आणि चारही वेळा 'ए'पासून सुरुवात केली होती.